जागा मोकळी नव्हती

१

माझ्या भावाची मूठ उघडत नव्हती.

डाकोटाच्या माळावर हिवाळ्यात मेलेल्या माणसाला थडगं मिळत नाही. जमीन लोखंड झालेली असते, कुदळ मारली तर ठिणगी उडते. म्हणून आंद्रेसला आम्ही त्याच्याच कोठीत, गव्हाच्या पोत्यांशेजारी फळीवर ठेवलं होतं. मी आणि त्याची बायको ओटिलिया त्याचं अंग पुसत होतो. कास्परकाकांची बायको मार्गारेट बाजूला उभी राहून स्तोत्र पुटपुटत होती.

"राहू दे गं ती मूठ," मार्गारेट म्हणाली. "तशीच जाऊ दे देवाकडे."

ओटिलियाने ऐकलं नाही. कोमट पाण्याचं फडकं ती त्या मुठीभोवती पुन्हा पुन्हा गुंडाळत राहिली. शेवटी बोटं सैल झाली. आत काड्यापेटी होती, उघडी. आणि अंगठा आणि बोट यांच्या चिमटीत एक काडी. न ओढलेली.

मी त्याच्या मेंढीच्या कातड्याच्या कोटाचे खिसे चाचपले. दोन्ही हातमोजे एकात एक घालून व्यवस्थित ठेवलेले होते.

"थंडीने माणूस भ्रमिष्ट होतो," मार्गारेट घाईघाईने म्हणाली. "अंगावरचे कपडेसुद्धा काढून टाकतो."

"काढून टाकतो ना? मग हे मोजे टाकलेले का नाहीत? खिशात कसे?" मी विचारलं. "आणि उघड्या माळावर, वादळात, काडी कशाला पेटवायची? काय शिलगवणार होता तो? बर्फ?"

तिने पुन्हा स्तोत्र सुरू केलं, जरा मोठ्याने.

वादळ आलं ती दुपार मला पुन्हा पुन्हा आठवत होती. सकाळी कोवळं ऊन होतं, छपरावरचं पाणी ठिबकत होतं, लोक सदऱ्यावर हिंडत होते. आंद्रेस बैलांची घसरगाडी घेऊन तळ्याकाठच्या गंजीवर गवत आणायला गेला. दुपारी कास्परकाका आमच्या घरी जेवायला होते. कास्परकाका म्हणजे आमच्या प्रार्थनामंडळीचे वडीलधारे, रविवारी प्रार्थना सांगणारे, कुणाचं भांडण असो की लग्न, शेवटचा शब्द त्यांचा. ते आणि माझा नवरा लुडविग पहाटेपासून कसल्याशा कामाला गेले होते आणि भुकेजलेले परतले होते. मी शेवयांचं सार वाढत होते, तेवढ्यात खिडकी एकदम पांढरी झाली.

थोड्याच वेळात ओटिलिया आली. तिचं घर आमच्या कुंपणाला लागून. कमरेला दोर बांधलेला, पापण्यांवर बर्फ.

"आंद्रेस गंजीवर आहे. अजून चालता येतंय. दोर धरून जाऊ, चला कुणीतरी!"

लुडविग उठला. कास्परकाकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"बस खाली. गंजीपासून माझ्या पुतण्याची झोपडी किती लांब? हाकेच्या अंतरावर. आत चूल आहे, गोवऱ्या रचलेल्या आहेत. आंद्रेस आत्ता पाय पसरून शेकत बसला असेल. सुखरूप माणसापायी आणखी चार जणांचा जीव घालवायचा का, ओटिलिया?"

लुडविग बसला. ओटिलियाला मीच धरून ठेवलं. मीच म्हणाले, "वहिनी, काका म्हणतात ते खरं आहे."

दोन दिवसांनी आकाश निवळलं तेव्हा आंद्रेस सापडला. त्या झोपडीचं दार दिसेल इतक्या अंतरावर, बर्फात गुडघ्यावर बसलेला. सगळी वस्ती हळहळली. इतक्या जवळ येऊन वाट चुकला बिचारा!

मी काड्यापेटी पदराखाली घेतली आणि कोठीतून बाहेर पडले. ज्या दारात मी मरेपर्यंत पाऊल ठेवणार नव्हते, त्या दाराकडे निघाले.

२

बाल्टस वस्तीच्या टोकाला एकटा राहायचा. त्याला कुणी मीठसुद्धा उसनं देत नसे.

रशियात, ओदेसाजवळच्या आमच्या जर्मन गावात, तो गावचा शिपाई होता. आमच्या पूर्वजांना तिथे बोलावून आणताना रशियाच्या राणीने शब्द दिला होता, तुमची पोरं फौजेत नेणार नाही. पुढच्या झारने तो मोडला. पोरं लपायला लागली आणि बाल्टस त्यांना शोधून काढायला लागला. पेंढ्यातून, विहिरीतून, पोटमाळ्यावरून. माझा थोरला भाऊ मथियास त्याला पावाच्या भट्टीत सापडला. तुर्कांच्या लढाईतून मथियास परत आला नाही. उरलेले आम्ही समुद्र ओलांडून इथे आलो, आणि मागोमाग हाही आला.

"बाल्टस," मी उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले. तो माझ्या बापाच्या वयाचा, पण त्याला अहोजाहो करायला माझी जीभ वळत नव्हती. "लपवलेलं हुडकण्यात तुझा हात कुणी धरत नाही. मथियासला हुडकलंस. आता आंद्रेस कसा मेला ते हुडकून दे."

तो बटाटे सोलत होता. "आत ये. दार उघडं ठेवू नको, ऊब जाते."

"तुझ्या घरात मी येणार नाही."

"बरं." त्याने सुरी खाली ठेवली, कोट चढवला. "मग बाहेर बोलू. हातात काय आहे?"

मी काड्यापेटी दाखवली, मोज्यांचं सांगितलं. त्याने फावडं उचललं आणि तो चालायला लागला.

गंजीपासून आंद्रेसने काठ्या रोवल्या होत्या, वादळात हाताने चाचपत झोपडीपर्यंत जाता यावं म्हणून. दर हिवाळ्यात तो गवत आणायच्या दिवसांत त्या झोपडीत शेकायचा. गंजी तळ्याच्या खळग्यात होती, तिथून झोपडी दिसत नसे. नव्या बर्फातून काठ्यांची फक्त टोकं दिसत होती. बाल्टस टोकाटोकाने चालत गेला. शेवटची काठी आंद्रेस सापडला तिथून दोन पावलांवर होती.

"गंजीत का नाही थांबला?" मी विचारलं. "बैल तर गंजीच्या आडोशाला जिवंत राहिले."

"सकाळी बर्फ वितळत होता. कपडे भिजलेले असणार. ओल्या माणसाला गवत पुरत नाही, विस्तव लागतो." आंद्रेस बसला होता त्या खड्ड्याभोवती तो खणायला लागला.

माळावर सगळीकडे नव्या बर्फाखाली नाताळातल्या बर्फाचा कडक थर होता. फावडं त्यावर आपटलं की टणकन आवाज यायचा. पण त्या जागी आवाज आला नाही. फावडं सरळ मातीत गेलं. बाल्टसने कडा शोधत शोधत खणलं. चार कोपऱ्यांचा, खोलीएवढा तुकडा. त्यावर जुना बर्फ पडलाच नव्हता. कारण नाताळात तिथे काहीतरी उभं होतं.

एका कडेला गोवऱ्यांच्या राखेचा ढीग लागला. बाल्टसने मुठीत थोडी माती घेतली आणि माझ्यापुढे धरली. मातीत सूर्यफुलाच्या बियांची टरफलं होती, ढीगभर. आमचे लोक दारात बसून गप्पा मारतात तेव्हा अशीच टरफलं थुंकतात. उघड्या माळावर कुणी बिया खात बसत नाही.

"हा उंबरा आहे," बाल्टस म्हणाला. "तुझा भाऊ वाट चुकला नव्हता, सालोमे. बरोबर दारात आला होता. मोजे काढून खिशात ठेवले, चूल पेटवायला काडी हातात घेतली, आणि दाराला हात लावायला गेला. दार नव्हतं."

मी विचारलं, "मग घर कुठे गेलं?"

त्याने हाताने दाखवलं. थोड्या अंतरावर कास्परकाकांच्या पुतण्याची झोपडी उन्हात छान उभी होती.

३

"नीट बघ तिच्याकडे," झोपडीपाशी आल्यावर बाल्टस म्हणाला. "काय नाही तिथे?"

मी रागावले. "कोडी घालू नकोस. सरळ बोल."

"तुझ्या घरामागे बर्फ कुठवर चढलाय?"

"खिडकी बुजलीय."

"प्रार्थनाघर?"

"दार खणून काढलं परवा."

"मग ही कोण मोठी लागून गेली, की वादळाने हिला बोटही लावलं नाही?"

तेव्हा मला दिसलं. झोपडीच्या चारही भिंती तळापर्यंत स्वच्छ होत्या. आजूबाजूला बर्फ सपाट. झोपडीखाली दोन जाड ओंडके होते, घसरगाडीला असतात तसे, आणि ते ओंडके नव्या, भुसभुशीत बर्फावर टेकले होते.

"वादळात ही इथे नव्हती. वादळ थांबल्यावर आणून ठेवली," मी म्हणाले.

"हो. आणि वादळाआधी इथून नेली. ओढायला चार बैल लागतील, दोन पुरणार नाहीत."

चार बैल म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर एकच माणूस आला. फ्रिडोलिन. तळ्याकाठच्या गवतावरून आंद्रेसशी त्याची मारामारी झाली होती. भर प्रार्थनाघरात तो म्हणाला होता, तुला एकदा गोठलेला बघायचाय. आणि त्याच्या गोठ्यात चार बैल होते.

बाल्टस थांब म्हणेपर्यंत मी निघालेसुद्धा. फ्रिडोलिनच्या अंगणात गवत उपसायचा काटा पडला होता, तो उचलला आणि दारावर लाथ मारली.

"बाहेर ये, कुत्र्या!"

फ्रिडोलिन गालात बिया घोळवत बाहेर आला. काट्याचं टोक बघून दोन पावलं मागे सरला. "अगं बाई, काय झालं? वेड लागलं का?"

"झोपडी तू हलवलीस. माझा भाऊ दाराशी येऊन मेला. तुला गोठलेला बघायचा होता ना? बघितलास?"

"कसली झोपडी? कशाने हलवली?"

"तुझ्या चार बैलांनी!"

"बैल?" तो ओरडला. "माझे बैल नाताळापासून रेल्वेच्या ठेकेदाराकडे लाकडं ओढतायत! जा, गोठ्यात जा. ताजा पो दिसला तर तो काटा खुशाल माझ्या पोटात घाल!"

मी गोठ्यात गेले. गव्हाणी रिकाम्या, शेण दगडासारखं, कोपऱ्यात त्याची एकच गाय. बाहेर येऊन मी काटा भिंतीला टेकवला.

फ्रिडोलिनचा आवाज उतरला होता. "सालोमे, तोंड फाटकं आहे माझं. भांडलो मी आंद्रेसशी. पण ओटिलिया बोलवायला आली असती ना, तर दोर धरून गेलो असतो. माझं घर लांब पडलं. आणि झोपडी मी कशाला पळवू? कास्परच्या झोपड्या तो बघेल. चांगल्या चार आहेत त्याच्या."

"चार?" बाल्टस मागून येऊन उभा राहिला होता. "कुणाकुणाच्या नावावर?"

"पुतण्याची एक. मेव्हण्याची एक. सासूची टेकाडापलीकडे. आणि एक आणखी कुणाची तरी. त्यांची माणसं यायची आहेत म्हणे रशियातून. मीच साक्षीला गेलो होतो जमिनीच्या कचेरीत. बायबलवर हात ठेवून सांगितलं, जमिनीवर घर आहे, डोळ्यांनी पाहिलंय."

"एकाच दिवशी दोन झोपड्या पाहिल्यास कधी?"

फ्रिडोलिनचं तोंड चालायचं थांबलं. एक टरफल त्याच्या ओठाला चिकटून राहिलं.

४

इथली जमीन सरकार फुकट देतं. अट एकच. ज्याच्या नावावर जमीन, त्याने तिथे घर बांधून पाच वर्षं राहायचं. घर नसेल तर जमीन जाते. कचेरीचा माणूस मधूनमधून येऊन बघतो, शेजारी साक्ष देतात. आमच्यातल्या प्रत्येकाने त्या पाच वर्षांपायी कुणीतरी गमावलंय. मी दोन लेकरं पुरली. आणि कास्परकाकांनी एक झोपडी ओंडक्यांवर चढवून सगळ्यांना चार दाखवल्या.

"घर होतंच की," बाल्टस फ्रिडोलिनला म्हणाला. "तू बघायला गेलास तेव्हा होतं."

"आणि सासू?" फ्रिडोलिनने कपाळावर हात मारला. "अरे, त्या म्हातारीला ओदेसाजवळ मी स्वतः खांदा दिलाय! मला वाटलं, दुसरी सासू असेल!"

दुसऱ्या कुठल्या दिवशी मी हसले असते.

आम्ही टेकाड चढून पलीकडे उतरलो. मेलेल्या म्हातारीच्या जमिनीवर झोपडी नव्हती. पण झोपडीची जागा होती. वादळाने तिच्याभोवती बर्फ रचून टणक केला होता आणि मग कुणीतरी झोपडी पुढच्या बाजूने ओढून बाहेर काढली होती. मागे उरला होता बर्फाचा साचा. तीन भिंती माझ्या उंचीच्या. बर्फावर फळ्यांच्या रेघा उमटलेल्या, फटीसुद्धा दिसत होत्या. आत जमिनीवर चुलीखालची काजळी. आंद्रेस उघड्यावर बसून मेला त्या दोन दिवसांत ती चूल इथे होती. विझलेली. कुणासाठीही नाही.

"या आठवड्यात कचेरीचा माणूस सासूची जमीन बघायला येणार होता," फ्रिडोलिन म्हणाला. "कास्परनेच सांगितलं होतं मला, साक्षीला तयार राहा म्हणून."

म्हणून नेली. इतकंच. माझ्या भावाशी काकांचं वैरसुद्धा नव्हतं. वैर असतं तर मला समजलं असतं.

साच्यापासून ओंडक्यांचे दोन चर निघून टेकाडाकडे गेले होते. चरांमध्ये खुरांचे ठसे, स्वच्छ, कारण वादळानंतर पुन्हा बर्फ पडला नव्हता.

"दोन जोड्या," बाल्टस म्हणाला.

"काकांकडे एकच जोडी आहे," मी म्हणाले. "दुसरी कुणाची?"

बाल्टस चराच्या कडेला दोन्ही पाय जुळवून उभा होता, आणि मी पुढे गेले तशी तो हलला नाही.

"सरक."

"सालोमे, आधी कास्परला भेटू. बाकीचं नंतर."

"सरक म्हणते ना!"

मी त्याला दोन्ही हातांनी ढकललं. त्याच्या बुटांखाली खुराचा एक ठसा होता आणि ठशामागे बर्फात ओढल्याची लांब रेघ. पुढच्या पावलालाही रेघ. त्याच्या पुढच्यालाही.

आमचा तांबडा बैल डावा मागचा पाय ओढत चालतो.

५

मी घरी आले तेव्हा लुडविग चुलीपाशी जू घासत बसला होता. बाल्टस आणि फ्रिडोलिन दारात थांबले.

"तांबड्याला कुठे नेलं होतंस?" मी विचारलं.

"कधी?"

"वादळ आलं त्या दिवशी पहाटे. आणि वादळ थांबलं त्या दिवशी."

त्याने माझ्यामागे दारात पाहिलं. हातातलं फडकं खाली पडलं.

"काकांनी सांगितलं, थोडं ओढकाम आहे," तो म्हणाला. "आपल्या जमिनीच्या पट्ट्यावर साक्षीची शेवटची सही त्यांचीच लागणार आहे, सालोमे. नाही कसं म्हणू? आणि सकाळी आकाश निरभ्र होतं. कुणाला माहीत होतं?"

"सकाळचं मी विचारत नाही. दुपारचं विचारते. ओटिलिया दोर बांधून या इथे उभी होती. काका म्हणाले, तो झोपडीत शेकत बसलाय. झोपडी तिथे नाही हे पृथ्वीवर दोनच माणसांना माहीत होतं. दोघं माझ्या टेबलाशी बसून माझं सार खात होती."

"मी उठलो होतो!"

"आणि बसलास."

"शोधायला गेले असते तर सगळं उघडं पडलं असतं. काका शपथभंगात अडकले असते, त्यांच्याबरोबर आम्ही सगळे. मला वाटलं, आंद्रेस गंजीत थांबेल. देवाशप्पथ वाटलं, सालोमे."

बाल्टस पहिल्यांदाच बोलला. आवाज चढवला नाही. भट्टीचं झाकण उघडतानाही त्याने चढवला नव्हता, मला आठवतंय.

"एकच सांग, लुडविग. परत आणलीत तेव्हा झोपडी जुन्या जागी का नाही ठेवली? काठ्यांची टोकं दिसत होती. जागा तुम्हाला ठाऊक होती. तिथेच ठेवली असती तर राख झाकली असती, टरफलं झाकली असती, कुणाला काही कळलं नसतं."

लुडविगने तोंड हातांत लपवलं.

"सांग," मी म्हणाले.

"जागा मोकळी नव्हती," तो म्हणाला.

मला आधी शब्द कळले, मग अर्थ कळला.

वादळ थांबलं त्या सकाळी, ती जागा रिकामी कुणाला दिसायच्या आत, ते झोपडी घेऊन तिथे पोचले होते, आणि जागेवर माझा भाऊ बसलेला होता. त्यांनी त्याला पाहिलं. बैल वळवले, झोपडी बाजूला नेऊन टेकवली आणि घरी आले. दुपारी कास्परकाकांनी लोक जमवले, प्रार्थना सांगितली, शोधायला बाहेर काढलं. मधल्या वेळात लुडविग या खुर्चीवर बसून जेवला होता. मी त्याला म्हणाले होते, लवकर जा रे, माझा जीव राहत नाही. तो म्हणाला होता, आणखी थोडं वाढ.

मी जू उचललं. फ्रिडोलिनने माझा हात धरला नसता तर मी काय केलं असतं ते मला माहीत आहे.

रविवारी प्रार्थनाघर भरलं होतं. कास्परकाका आंद्रेसच्या आत्म्यासाठी बोलायला उभे राहिले, तशी मीही उभी राहिले. आमच्यात बायका प्रार्थनेत बोलत नाहीत. मी बोलले. राख, टरफलं, स्वच्छ भिंती, बर्फाचा साचा, तांबड्याचा पाय, सगळं एकामागून एक सांगितलं. ओटिलिया पहिल्या बाकावर ताठ बसून ऐकत होती. तिला मी आदल्या दिवशीच सांगितलं होतं.

काका गोरेमोरे झाले, पण मोडले नाहीत.

"वादळ मी आणलं का?" त्यांनी विचारलं. "आंद्रेसवर मी हात उगारला? कुठल्या कायद्यात बसतं हे? आणि जमिनी मी कुणासाठी धरल्या? आपलेच लोक येणार आहेत मागून. नाहीतर परके घेतील."

"वादळ देवाने आणलं," मी म्हणाले. "पण दोर बांधून उभ्या असलेल्या बाईला 'तो सुखरूप आहे' हे देवाने सांगितलं नाही. ते तुम्ही सांगितलंत. झोपडी नाही एवढे दोन शब्द बोलला असतात तर माझा भाऊ आज जिवंत असता. तुम्ही त्याला जमिनीच्या तुकड्याएवढंसुद्धा मोजलं नाहीत."

"बाईला खाली बसवा," काका बाकांकडे बघून म्हणाले.

कुणी जागचं हललं नाही. मग ओटिलिया उठली, पुढे गेली आणि काकांच्या समोरचं बायबल तिने मिटलं. एवढंच केलं. लोक एकेक करून उठले आणि बाहेर पडले. मार्गारेट सगळ्यांत शेवटी उठली, आणि नवऱ्यासाठी न थांबता गेली.

६

काकांचं एक खरं होतं. माणसाला वादळात मरू दिलं, याला कायद्यात कलम नव्हतं. पण घर नसलेल्या जमिनीवर घर दाखवलं, याला होतं.

वाट मोकळी झाल्यावर आम्ही शहराच्या कचेरीत गेलो. ओटिलिया, फ्रिडोलिन, बाल्टस, मी. आणि लुडविग. झोपडी ओढणाऱ्याने स्वतः सांगितल्याशिवाय काही सिद्ध होणार नव्हतं. त्याला मी ओढत नेलं नाही. त्याला एवढंच म्हणाले, "तू आला नाहीस तर तुझी साक्षही मीच देईन, आणि मी काही गाळणार नाही."

तो आला. साहेबाला आमची भाषा येत नव्हती, एक दुकानदार मधे बसून सांगत होता. लुडविगने सगळं सांगितलं. साहेबाने जमिनीचं तेवढं लिहून घेतलं. आंद्रेसचं आलं तेव्हा त्याने लेखणी खाली ठेवली आणि हवामान फार वाईट होतं, असं काहीतरी म्हणाला. मी दुकानदाराला म्हटलं, "त्यांना सांग, हवामान मला माहीत आहे." त्याने ते सांगितलं नाही.

कास्परकाकांच्या चारही जमिनी गेल्या. दंड झाला. उन्हाळ्याआधी ते बाडबिस्तरा आवरून नदीपलीकडे गेले. ऐकते की तिकडेही ते प्रार्थना सांगतात. फ्रिडोलिनला खोट्या साक्षीची ताकीद मिळाली, आणि तेव्हापासून तो कुणाचं घर बघितलं तर आधी वाकून त्याच्याखाली बघतो.

कचेरीच्या पायऱ्यांवर बाल्टस माझ्या शेजारी उभा राहिला. काही बोलेल असं वाटलं. मथियासचं नाव त्याच्या ओठांवर होतं, मला दिसलं. मी त्याच्याकडे सरळ पाहिलं आणि त्याने ते गिळलं. त्याने माझ्या एका भावाचं खरं शोधून दिलं. दुसऱ्या भावाचं त्याने जे केलं ते केलंच. एकावर दुसरं टाकून पुसता येत नाही. पण परतीच्या वाटेवर भाकरी काढली तेव्हा मी एक तुकडा त्याच्याकडेही दिला, आणि "घ्या" म्हणाले.

बाल्टस आणि फ्रिडोलिन आपापल्या वाटेला लागले. ओटिलिया तिच्या दाराशी उतरली. गाडीत आम्ही दोघं राहिलो. लुडविगने कासरा सैल सोडला.

"झालं ना आता?" तो म्हणाला. "सगळं सांगितलं मी. भर कचेरीत, सगळ्यांदेखत. आता तरी घरी चल."

"खरं सांगितलंस," मी म्हणाले.

"मग?"

"विचारल्यावर सांगितलंस."

"सालोमे, मी भ्यालो होतो. तू भ्याली नसतीस?"

"भ्याले असते. पण दुसऱ्यांदा वाढ म्हटलं नसतं."

मी गाडीतून उतरले. माझं गाठोडं सकाळीच बांधून मी गाडीत मागे टाकलं होतं. ते त्याने पाहिलं नव्हतं. मी ते ओढून खांद्यावर घेतलं.

"किती दिवस?" त्याने विचारलं.

मी ओटिलियाच्या दाराकडे वळले. मागे बैल फुरफुरत उभे होते, बराच वेळ. मग त्याने त्यांना हाकललं. ओटिलियाच्या गोठ्यात गायी दुधाने तटून हंबरत होत्या. ती एकटी सगळ्यांना पुरी पडत नव्हती. मी गाठोडं खुंटीला अडकवलं, बाह्या वर केल्या आणि चरवी उचलली.